बरणीतलं वांगं: वालेन्सिया ते ओलोमोउत्स

मी वांग्याची ब्रीडर, म्हणजे नवी वाणं तयार करणारी. जालन्यात राहते, चौदा वर्षं झाली एकाच पिकात. माहेर यावल तालुक्यातलं, म्हणजे भरताच्या वांग्याचा मुलूख, त्यामुळे वांगं माझ्या आयुष्यात नोकरीच्या आधीपासूनच आहे. जुलैत युरोपातल्या भाजीपाल्याच्या जीनबँका (जिथे वाणांचं बी जपून ठेवतात) आणि ब्रीडिंगचं काम बघायला जायला मिळालं, स्पेन, नेदरलँड्स, जर्मनी, चेक असा रूट, जाऊन येऊन बारा दिवस. आल्यापासून जो तो विचारतोय काय बघितलंस आणि दोन वाक्यात सांगता येत नाही, म्हणून रोजच्या वहीतनं उतरवून काढतेय. राजवाडे नि पूल फार नाहीत यात, बीच जास्त आहे.

पहिला दिवस, मंगळवार

जालना ते मुंबई रेल्वे, मग विमान, मध्ये एकदा बदललं, वालेन्सियाला पोचेपर्यंत संध्याकाळचे सात. ऊन मात्र आपल्याकडच्या चार वाजल्यासारखं. डाळिंबी आणि दशम्या डब्यात होत्या त्या खाल्ल्या आणि झोपले.

दुसरा दिवस, बुधवार

इथल्या पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीत कोमाव म्हणून संस्था आहे, भाजीपाल्याच्या वाणांचं जतन आणि सुधारणा हेच त्यांचं काम, आणि वांग्यावर काम करणाऱ्या माणसाला हे नाव माहीत नसेल असं होत नाही. ज्यांचे पेपर वाचत वाचत मी शिकले ती माणसं समोर पॉलीहाऊसमध्ये हातात चिमटा घेऊन उभी, हे बघून मला खरंच भरून आलं. काम तेच जे आम्ही करतो, कळी उमलायच्या आदल्या दिवशी पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे, दोरा बांधून टॅग लावायचा. फरक इतकाच की त्यांच्या टॅगवर एका बाजूला वांगं आणि दुसऱ्या बाजूला रान होतं.

सोलॅनम इन्कॅनम नावाचं रानवांगं. उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व इकडचं. काटेरी झुडूप, पानं राखाडी लवदार, फळ लहान आणि कडूजहर, पिकलं की पिवळं. मला आपल्या बांधावरची डोरली आठवली, लहानपणी पायात काटा मोडला की आजी तिला शिव्या घालायची. तर हे असलं झाड वांग्याशी क्रॉस करून जो संकर येतो तो पुन्हा वांग्याशी, त्याची पिल्लं पुन्हा वांग्याशी, असं करत करत शेवटी अशा लाईन्स तयार केल्यात की झाड सगळं वांग्याचं पण रानाच्या डीएनएचा एकच तुकडा त्यात बसलेला, प्रत्येक लाईनमध्ये वेगळा तुकडा. म्हणजे पाण्याचा ताण सोसायचा गुण कुठल्या तुकड्यात आहे हे एकेक लाईन लावून बघता येतं. दर पिढीला मार्कर, म्हणजे डीएनएमधल्या खुणा, तपासून शेकडो रोपांतली मोजकी ठेवायची, बाकीची उपटायची, याला वर्षंच्या वर्षं जातात आणि या सगळ्या काळात विकण्यासारखं एक फळ हातात येत नाही. खासगी कंपनीत मला कुणी एवढा वेळ देणार नाही आणि म्हणूनच हे काम सरकारी पैशावर आणि चार देशांनी मिळून व्हायला हवं असं माझं ठाम मत झालंय. अमेरिकेतलं एक तणासारखं माजणारं रुपेरी पानांचं सोलॅनम आहे, एलिॲग्निफोलियम, दुष्काळात हिरवं राहणारं, त्याचाही वांग्याशी संकर यांनी घडवून आणलाय.

दुपारी लॅबमध्ये एक मुलगी वांगी चिरत बसली होती. फळ मधोमध कापायचं, लगेच गराचा रंग यंत्राने मोजायचा, दहा मिनिटं थांबायचं, परत मोजायचा. गर काळा किती पडतो ते बघायला. वांग्यात क्लोरोजेनिक ॲसिड असतं, तब्येतीला चांगलं, पण चिरल्यावर त्याच्यामुळेच फोडी काळ्या पडतात, म्हणून तर आपण मिठाच्या पाण्यात टाकतो. त्यांना ॲसिड भरपूर पण काळं कमी पडणारं वांगं हवंय. मी सांगितलं की आमच्याकडे भाजी घेणाऱ्या बायका मांडीवर वांगं घेऊन देठ दाबून बघतात आणि त्यावरनं बी जून आहे का ते सांगतात, तर तिने ते लिहून घेतलं, खरोखर वहीत लिहून घेतलं.

युरोपातल्या संस्थांनी मिळून २०१६ ते २०२१ जीटूपी-सोल म्हणून मोठा प्रोजेक्ट केला होता, टोमॅटो, मिरची, वांगं आणि बटाटा. त्यातून ३४०० च्या वर वांग्यांचा डीएनए तपासला गेला, बी जगभरच्या जीनबँकांमधलं, आणि निघालं असं की वांगं माणसाने एकदा नाही तर दोनदा माणसाळवलंय, एकदा भारताच्या बाजूला आणि एकदा आग्नेय आशियात, वेगवेगळं. नकाशावर ते दोन ठिपके दाखवले तेव्हा मी आपल्या ठिपक्याकडे बघतच राहिले. नाव पण आपल्याकडनंच गेलंय. संस्कृतात वातिंगण, तिथून फारसीत बादिंगान, अरबीत बाधिंजान, अरबांबरोबर स्पेनमध्ये आलं तर बेरेन्हेना, कातालानमध्ये आल्बर्जीनिया, तिथून फ्रेंच ओबर्जीन. आणि आपलं वांगं त्याच मुळाचं. इथला बाजारवाला आणि माझी आई एकच शब्द बोलतात, फक्त मध्ये हजारभर वर्षं झिजलाय तो.

तिसरा दिवस, गुरुवार

सकाळी मर्कादो सेंत्राल, १९२८ चं भव्य मार्केट. तिथे लिस्तादा दे गांदिया मिळाली, पांढऱ्यावर जांभळ्या रेघांची. हातात घेतली आणि आपल्या रेघांच्या काटेरी वांग्याची आठवण झाली, फक्त ही लांबट, मोठी, आणि देठाला काटा जवळजवळ नाही.

बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाणी न्यायालय भरतं, दर गुरुवारी, हे मला चुकवायचं नव्हतं. आठ कालव्यांचे आठ प्रतिनिधी, शेतकरीच, काळे झगे घालून गोल खुर्च्यांवर बसतात, एकेका कालव्याचं नाव पुकारलं जातं, तक्रार असेल तर तिथल्या तिथे तोंडी सुनावणी आणि निकाल, कागद नाही वकील नाही. शेकडो वर्षं चालत आलेलं आहे आणि २००९ ला युनेस्कोच्या यादीत गेलं. त्या दिवशी तक्रार कुणाचीच नव्हती, पाच-सात मिनिटांत उठले. पण मला आपली धुळ्याकडची फड बागायत दिसत होती, पांझरेवरचे बंधारे, पाटकरी, पाळी ठरलेली आणि सगळ्या फडात एकच पीक. आपल्या फडाचं कौतुक करायला असा एखादा चौक आपल्याकडे असायला हवा होता.

दुपारी आल्बोरायाला गेलो, शहराला लागूनच शेतं. तिथे ओर्चाता प्यायले, चुफा नावाच्या बारक्या कंदाचं दूध काढून थंड करतात. चुफा म्हणजे आपल्या लव्हाळ्याचा सख्खा चुलत भाऊ! आपण ज्या कुळातलं तण खुरपून खुरपून दमतो त्यातलंच एक हे लोक वाफ्यात लावतात आणि विकतात.

चौथा ते सहावा, शुक्रवार ते रविवार

शुक्रवारी विमानाने ॲमस्टरडॅम, ट्रेनने एडे-वागेनिंगन, पुढे बस. शनिवारी गावात फिरले, हॉटेल दे वेरेल्ट बाहेरून पाहिलं, मे १९४५ मध्ये नेदरलँड्समधल्या जर्मन फौजेच्या शरणागतीची बोलणी इथे झाली. रविवारी पाऊस. कपडे धुतले, आईशी बोलले.

एक सांगायचं राहिलं, बसस्टॉपच्या मागे रानलेट्यूस, म्हणजे सॅलडच्या पाल्याचा रानटी भाऊ, उगवलेलं होतं, आपल्याकडे रस्त्याकडेला काँग्रेस गवत दिसतं तसं. पान उलटं केलं तर मधल्या शिरेवर बारीक काट्यांची ओळ, तोडलं तर पांढरं दूध. आपली पाथरी तोडली की येतं ना, तसंच. त्या वेळी फोटो काढला, किंमत सोमवारी कळली.

सातवा दिवस, सोमवार

सीजीएन, नेदरलँड्सची सरकारी जीनबँक, वागेनिंगनमध्येच. सगळी मिळून २३ हजारांच्या आसपास वाणं आणि त्यातली लेट्यूस अडीच हजारांच्या आसपास, जगातल्या मोठ्या लेट्यूस कलेक्शनपैकी एक. बी आधी थंड कोरड्या खोलीत हळूहळू वाळवतात, मग ॲल्युमिनियमच्या पाकिटात सील, मग उणे २० अंश. खोलीत मला जाड जॅकेट दिलं तरी पाच मिनिटांत बोटं बधिर.

लेट्यूसचा मोठा शत्रू म्हणजे केवडा. आपल्याकडे काकडी-द्राक्षाला येतो तसाच, बुरशी वेगळी. आणि ही बुरशी दर काही वर्षांनी नवी जात काढते, जुन्या वाणाची प्रतिकारशक्ती मोडून पडते, की परत रानलेट्यूसकडे जायचं, तेच बसस्टॉपमागचं, आणि नवीन जीन शोधून आणायचा. माव्याचं पण तसंच झालं. लाक्टुका विरोसा नावाच्या रानलेट्यूसमधनं वागेनिंगनच्या ब्रीडर लोकांनी १९८० च्या दशकात मावा न लागणारा गुण मोठ्या कष्टाने लेट्यूसमध्ये आणला, कित्येक वर्षं तो पुरला, आणि २००७ च्या सुमाराला त्यालाही न जुमानणारा मावा आला. ब्रीडरचं काम कधी संपत नाही हे शेतकऱ्याला सांगितलं की तो हसतो, तण कुठे कधी संपतं, म्हणतो.

याच कलेक्शनमधल्या बियांवर चिनी संस्थेबरोबर मिळून ४४५ लेट्यूसचा पूर्ण जीनोम वाचला गेला, २०२१ ला छापून आलं. लेट्यूस कॉकेशसच्या आसपास माणसाळलं आणि सुरुवातीला पानासाठी नाही तर तेलबी म्हणून लावायचे असं त्यात निघालं. करडईच्या खानदानातलंच आहे म्हणा, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

पण मी सगळ्यात जास्त कशाने हलले तर ईव्हा नेटवर्कने. युरोपच्या ३० च्या वर देशांचं मिळून ईसीपीजीआर म्हणून सहकार्य आहे, १९८० पासून, त्याच्याखाली २०१९ ला हे नेटवर्क सुरू झालं, लेट्यूस, गाजर, मिरची अशा पिकांचं. जीनबँक बी देते, आणि एकमेकांच्या कट्टर स्पर्धक कंपन्या तेच बी आपापल्या शेतात लावतात, ठरलेल्या एकाच पद्धतीने रोग बघतात, आणि मार्क एका ठिकाणी जमा करतात. काही वर्षं ती माहिती भागीदारांपुरती, मग युरिस्कोवर सगळ्या जगाला खुली, युरिस्को म्हणजे युरोपातल्या जीनबँकांची सामायिक यादी, २० लाखांच्या वर नोंदी. मी विचारलं, कुणी चांगला मार्क लपवला तर? तर म्हणाले की एकट्याने हजार वाणं तपासायची ताकद कुणातच नाही, त्यामुळे लपवणाऱ्याचंच नुकसान जास्त. आमच्याकडे शेजारच्या कंपनीतला ब्रीडर लग्नात भेटला तरी लाईनचा नंबर तोंडातून काढत नाही, मीही काढत नाही. हॉटेलवर येऊन रात्री उशिरापर्यंत याच्यावरच विचार करत होते. जात आणि हायब्रीड ज्याचं त्याचं असू दे, पण कुठल्या देशी वाणात मर रोग सोसतो आणि कुठल्यात शेंडे पोखरणारी अळी कमी लागते, ही पाटी तरी जालन्यात सगळ्यांनी एकत्र लिहायला काय हरकत आहे?

आठवा दिवस, मंगळवार

दिवसभर ट्रेन. तीन गाड्या बदलल्या, एक चुकली, रात्री साडेनऊला क्वेडलिनबुर्ग. लाकडी चौकटींची जुनी घरं, शहर युनेस्कोच्या यादीत आहे, पण मला ते माहीत होतं ते बियाण्याचं गाव म्हणून, पूर्वी इथनं फुलांचं आणि भाज्यांचं बी दूरवर जायचं. बियाण्याच्या एका गावातली, जालन्याची मी, दुसऱ्या गावात आले.

नववा दिवस, बुधवार

गाटर्सलेबेन हे खेडं आहे, आणि त्या खेड्यात आयपीके, दीड लाखाच्या आसपास वाणांची जीनबँक. ही संस्था १९४३ ला व्हिएन्नाजवळ सुरू झाली आणि युद्ध संपल्यावर इथे आली. त्याच १९४३ च्या जानेवारीत रशियात सारातोवच्या तुरुंगात शास्त्रज्ञ वाविलोव वारले. ज्यांनी जगभर फिरून बी गोळा केलं, पिकांच्या जन्मभूमी मांडल्या, वांगं हिंदुस्थानचं म्हणून लिहून ठेवलं, त्या माणसाचा जीव तुरुंगात उपासमारीने गेला. हे मला कॉलेजपासून माहीत आहे पण अशा जागी उभं राहून आठवलं की वेगळंच वाटतं.

शेतात बारक्या बारक्या काचघरांच्या रांगा आहेत. गाजर, कोबी, कांदा असल्या परपरागी पिकाचं बी वाढवायचं तर एका घरात एकच वाण आणि आत माश्या नाहीतर मधमाश्या सोडायच्या, म्हणजे शेजारच्याचा पराग येत नाही. आम्ही तेच मच्छरदाणीच्या जाळीत करतो.

मग कोल्ड स्टोरेज, उणे १८. आणि इथे पाकिटं नाहीत, काचेच्या बरण्या! रबराची रिंग आणि काचेचं झाकण, आपली मुरांब्याची बरणी असते अगदी तशी. आत बियांवर सिलिका जेलची पुडी. रॅकच्या रॅक बरण्याच बरण्या, मला आजीच्या फडताळापुढे उभं असल्यासारखं झालं. मी वांग्याची आहे म्हटल्यावर तिथल्या बाईंनी यादी बघून एक बरणी काढून आणली. चपटं, पिवळसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं बी, तळाला चार बोटं. लेबलवर नंबर, सोलॅनम मेलोंजेना, आणि मूळ ठिकाणाच्या जागी एकच शब्द: इंडिया.

गाव नाही. जिल्हा नाही. कुणी दिलं, कुठल्या साली, त्याला घरात काय म्हणायचे, भरताचं का भरून करायचं, काही नाही. मी काचेवरचं दव बोटाने पुसलं आणि परत वाचलं. बी जिवंत आहे, दर काही वर्षांनी उगवण तपासतात, कमी झाली की लावून नवीन करतात, माणसं किती निष्ठेने सांभाळतायत, आणि तरी त्या बियाचं अर्धं हरवलेलंच आहे. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या जुन्या कलेक्शनमध्ये असं पुष्कळ आहे, आता डीएनएवरनं काही जुळवता येतं. मिरचीचं तसं झालंय, १०,०३८ मिरच्या तपासल्या तेव्हा १,६१८ पर्यंत वाणं दुबार निघाली, एकच मिरची वेगवेगळ्या नंबरांनी. पण डीएनए गावाचं नाव सांगत नाही आणि आजीचं तर नाहीच नाही.

दुपारी क्रायो, म्हणजे गोठवून जपायचा विभाग पाहिला, घाईत. लसणाच्या कोंबातला टाचणीच्या टोकाएवढा जिवंत भाग द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशाला ठेवतात. का ते दोन दिवसांनी शेतात समजलं.

दहावा आणि अकरावा, गुरुवार-शुक्रवार

गुरुवार प्रवासात गेला, ड्रेस्डेन, प्राग, ओलोमोउत्स. शुक्रवारी सकाळी इथल्या जीनबँकेच्या लसणाच्या शेतात. काढणी चालू होती, माती उन्हाने फुटलेली, ओळीने पाट्या, शेकडो वाणं. लसणाला बी धरत नाही, त्यामुळे बरणीत, पाकिटात काही ठेवता येत नाही, दरवर्षी पाकळी लावायची, दरवर्षी काढायची, वाळवायची, लेबल लावायचं, परत लावायची. एक वर्ष पाऊस जास्त झाला किंवा कामगाराने दोन ओळी मिसळल्या की वाण गेलं. त्यात व्हायरस पाकळीबरोबर पुढच्या वर्षी जातोच, साचत जातो. म्हणून २००७ ते २०११ युरॲलिव्हेज नावाचा प्रोजेक्ट केला, सगळ्या युरोपातलं महत्त्वाचं लसूण निवडलं, आणि जर्मनी, चेक, पोलंड तिघांनी मिळून ते नायट्रोजनमध्ये गोठवलं, एकाची प्रत दुसऱ्याकडे ठेवून. मला ही कल्पना फार आवडली, शेजारणीकडे विरजण ठेवतो ना, आपलं फुटलं तर तिच्याकडचं असावं म्हणून.

इथला लसूण दांडा काढतो, वर गोल बोंड येतं आणि त्यात गव्हाएवढ्या बारक्या पाकळ्या. आपल्या देशी लसणाला हे बघायला मिळत नाही. मी चार-पाच गड्डे उकरले, हाताचा वास रात्रीपर्यंत गेला नाही. संध्याकाळी चौकातल्या ट्रिनिटी कॉलमपाशी बसून इथलं प्रसिद्ध वासाचं चीज ब्रेडवर खाल्लं, वास खरंच जबरदस्त, चव मात्र चांगली.

बारावा दिवस, शनिवार

प्राग विमानतळ. आईचा फोन. पहिला प्रश्न, "बी आणलंस का गं?" मी म्हटलं, आई, असं नाही आणता येत, पिकांचं बी देशादेशांत द्यायघ्यायचा आंतरराष्ट्रीय करार आहे, वांगं त्याच्या यादीत आहे, तरी करारावर सही लागते, मग दिल्लीच्या एनबीपीजीआरची, म्हणजे आपल्या राष्ट्रीय जीनबँकेच्या ब्युरोची, इम्पोर्ट परमिट, रोगमुक्तीचा दाखला, मग क्वारंटाईन, तेव्हा बी येतं. (टोमॅटो नि मिरची त्या यादीतच नाहीत, हे मला कधीच पटलेलं नाही, पण युरोपातल्या बऱ्याच बँका त्यांच्यासाठीही तोच करार वापरतात.) ती म्हणाली, मग एवढ्या लांब जाऊन काय उपयोग.

मी तिला बरणीचं सांगितलं. ती गप्प झाली थोडा वेळ. मग मी विचारलं, आपलं परसातलं हिरवं-पांढरं भरताचं वांगं, त्याचं बी कुठनं आलं?

"तुझ्या आजीनं माहेराहून आणलेलं. फैजपूरहून."

"आजीचं माहेर फैजपूर?"

"नाही नाही, फैजपूरला बाजार. माहेर सांगवी."

"कुठल्या साली?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा होतंच. त्याच्या आधी म्हण." मग म्हणाली, "थांब, बाबांना विचारते," आणि फोन तसाच ठेवून गेली. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, बाबा ठामपणे म्हणत होते सांगवी नव्हे, बामणोद, आणि आई म्हणत होती तुम्हाला काय माहीत, तुम्ही कधी चूल फुंकली. बोर्डिंग सुरू झालं होतं. मी बोर्डिंग पासच्या मागे दोन्ही गावं लिहिली, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि आईने परत फोन उचलला तेव्हा म्हणाली, "आणि हे पण लिही, पहिल्या तोडीचं फळ बियाला ठेवायचं नाही, मधल्या तोडीचं, झाडावरच पिवळं होऊ द्यायचं."

लिहिलं.